टिंबं उठेपर्यंत

पहाटे ५:२०

गजर व्हायच्या आधीच जाग येते. श्रावणातली रिपरिप चालू आहे, घरात सगळे झोपलेत. मोरीत जाऊन हात साबणाने धुतो, पंचाने बोटांच्या पेरांपर्यंत कोरडे करतो आणि मगच ब्रेल नोटटेकर मांडीवर घेतो. दिवा लावत नाही. मला जन्मापासून दिसलेलं नाही, त्यामुळे अंधाराचं आणि माझ्या वाचण्याचं कधी भांडण झालं नाही.

हात धुण्याची सवय मला शाळेत लागली आणि यंत्र आल्यावर ती दुप्पट पक्की झाली. माझ्या नोटटेकरवर ४० सेलची एक ओळ आहे. एका सेलमध्ये ८ टिंबं, म्हणजे ३२० बारीक खुंट्या. प्रत्येक खुंटीखाली सिरॅमिकची एक पातळ पट्टी असते. तिला साधारण २०० व्होल्टचा दाब मिळाला की ती किंचित वाकते आणि खुंटीला वर उचलते; दाब काढला की खुंटी खाली बसते. करंट इतका कमी की बोटाला काही कळत नाही. पण बोटाचं तेल, घाम, पिठाचा कण खुंटीच्या भोकात गेला की ती अडते. अर्धवट उठलेलं टिंब हे न उठलेल्या टिंबापेक्षा वाईट, कारण त्याने अक्षरच बदलतं. ‘व’मधलं दुसरं टिंब बसलं की बोटाखाली ‘उ’ येतो.

कालच्या नोंदी वाचतो. आज तीन जण यायचेत किंवा फोन करायचेत. एका ओळीत लिहून ठेवलंय: ‘एम. ए.ची मुलगी, १० वाजता, जोडणी होत नाही.’

जोडणी होत नाही. माझ्या कामात हे वाक्य रोज ऐकू येतं.

७:४५

“अहो, डबा घेतलात का? आणि छत्री?”

दोन्ही घेतलं. कर्वे पुतळ्यापाशी बस मिळते, नळ स्टॉपला वरून मेट्रोचा आवाज जातो, गरवारेला निम्मी बस उतरते, पुढचा स्टॉप माझा. सॅकमध्ये नोटटेकर दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेला आहे. पावसाळ्यात तो माझ्यापेक्षा कोरडा राहतो.

९:४०

सदाशिव पेठेतल्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमची खोली. दोन टेबलं, चार कॉम्प्युटर, आणि एक कपाट. त्यात वरच्या फळीवर ‘स्पर्शज्ञान’चे जुने अंक आहेत. १५ फेब्रुवारी २००८ रोजी स्वागत थोरातांनी हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं, त्याचा नवा अंक आला की आम्ही कोण आधी वाचणार यावरून ओढाताण करायचो. कागदाला केबल लागत नाही. पण कागदावरच्या ब्रेलला जागा फार लागते. हातभर रुंदीचं एक जाडजूड पुस्तक आणि त्यात कादंबरीचा फक्त पहिला भाग. म्हणून शेवटी यंत्राकडे वळावं लागतंच.

कपाटाच्या खालच्या खणात माझी खरी दौलत आहे: केबली. प्रत्येकीला उठावाच्या पट्टीवर ब्रेलमध्ये नाव. कुणी विचारलं की जोडणीच्या दुरुस्तीत सगळ्यात महत्त्वाचं हत्यार कोणतं, तर मी हा खण उघडतो.

१०:१०

मुलगी आली. भिजलेली. नगर जिल्ह्यातल्या खेड्यातली, पुण्यात हॉस्टेलवर राहते, मराठीत एम. ए. करते. प्रकल्प जात्यावरच्या ओव्यांवर. २० सेलचा छोटा नोटटेकर आणि एक लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि श्वास न घेता बोलायला लागली.

“सर, हे जोडलंच जात नाही. कधी जोडलं जातं आणि लगेच जातं. दुपारी ३ वाजता सरांकडे प्रकरण द्यायचंय. सगळं ह्याच्यातच लिहिलंय. सहा दिवस लिहितेय.”

“दुसरीकडे प्रत आहे?”

“नाही.”

“बरं. बस आधी. शेवटचं नीट चाललं ते कधी?”

“गुरुवारी. हॉस्टेलवर.”

“आणि गुरुवारनंतर त्याला कुणी कुणी हात लावला?”

ती थांबली. मग एकेक निघायला लागलं. तिची केबल हरवली म्हणून मैत्रिणीची घेतली. कॉलेजच्या लॅबमध्ये एका दादांनी सेटिंग बघितली. आणि शनिवारी तिने स्वतः ते मोबाइलला जोडून पाहिलं, कारण लॅपटॉपला जोडलं जात नव्हतं.

मी हा प्रश्न नेहमी आधी विचारतो. ‘काय बिघडलंय’ असं विचारलं तर माणूस यंत्राला दोष देतो किंवा स्वतःला. ‘मधल्या दिवसांत काय बदललं’ विचारलं की तो आठवायला लागतो, आणि निम्मं उत्तर तिथेच पडलेलं असतं. इथे तर तीन गोष्टी बदलल्या होत्या. तिन्ही मी लिहून ठेवल्या.

“आता केबल लाव. मी हात लावणार नाही. आणि दोघांनी कान द्यायचा.”

कॉम्प्युटरला एखादं यंत्र जोडलं की तो दोन सूर वाजवतो, दुसरा चढा. काढलं की तेच दोन सूर उतरते. डोळस माणसं तो आवाज बंद करून टाकतात. आमच्यासाठी तो डॉक्टरच्या नळीइतका मोलाचा. तिने केबल लावली. काही वाजलं नाही.

“पण सर, चार्जिंग चालू झालं. हे बघा, बॅटरी वाढतेय. म्हणजे केबल चांगली आहे.”

इथे बहुतेक जण फसतात. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. दोन वीज नेतात, दोन माहिती. स्पीकर, टॉर्च, दाढीचं मशीन ह्यांच्याबरोबर येणाऱ्या स्वस्त केबलींत पुष्कळदा माहितीच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. बाहेरून हाताला काही फरक लागत नाही. वीज जाते, यंत्र जागं राहतं, आणि कॉम्प्युटरला त्याचा पत्ताही नसतो. मैत्रिणीची केबल स्पीकरची होती.

मी खणातली ‘डेटा’ लिहिलेली केबल तिच्या हातात दिली. पट्टीवरची अक्षरं तिने वाचली, लावली. दोन सूर, दुसरा चढा.

तिने पहिल्यांदा श्वास सोडला.

पण मी तिला पुढे जाऊ दिलं नाही. नोटटेकर ही एकाच पेटीत दोन यंत्रं असतात, हे आधी समजायला हवं. एक म्हणजे स्वतःची वही: कॉम्प्युटर नसतानाही त्याच्यात लिहिता येतं, फाइल ठेवता येते. दुसरं म्हणजे कॉम्प्युटरचा ब्रेल पडदा: तेव्हा कॉम्प्युटरवर जे असेल ते त्याच्या टिंबांत उठतं. पहिल्या कामासाठी केबल लावली की ते पेन ड्राइव्हसारखं दिसतं. दुसऱ्या कामासाठी ते वेगळ्या अवस्थेत न्यावं लागतं. तिच्या यंत्रात एका वेळी एकच अवस्था चालते. आत्ता ते वहीच्या अवस्थेत होतं, आणि ते आमच्या पथ्यावर पडलं. सहा दिवसांचं लिखाण आत असताना मी कुठल्याही सेटिंगला हात लावत नाही. आधी वही वाचवायची.

तिने १४ फाइली लॅपटॉपवर उतरवल्या, मग माझ्या पेन ड्राइव्हवर. आणि खात्री करायला एक फाइल नोटपॅडमध्ये उघडली. पडद्यावरचं बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर वाचायला लागला: एम, आर, पेक्षा-मोठेचं चिन्ह, डब्ल्यू, नऊ...

“सर!” तिचा आवाजच फुटला. “फाइल खराब झाली.”

“नाही झाली. पुन्हा ऐक. एम म्हणजे कोणती टिंबं?”

“एक, तीन, चार.”

“आपल्या लिपीत?”

“म.”

“आर?”

“र... एक, दोन, तीन, पाच.” ती हळू बोलायला लागली. “ते पेक्षा-मोठं म्हणजे तीन-चार-पाच असेल का? आ. डब्ल्यू म्हणजे दोन-चार-पाच-सहा. ठ. आणि नऊ म्हणजे तीन-पाच. ई.” मग ती हसली. “मराठी.”

यंत्राने तिची टिंबं जशीच्या तशी ठेवली होती, आणि प्रत्येक आकाराला साहेबाच्या कळफलकावरचं एक चिन्ह दिलं होतं. अशा फाइलीत भाषा नसते, फक्त टिंबांचे आकार असतात. भारती ब्रेल १९५१च्या सुमारास ठरली तेव्हा भारतीय भाषांतली सारख्या उच्चाराची अक्षरं एकाच आकाराला बांधली, आणि जमेल तिथे इंग्रजी ब्रेलशीही मेळ घातला. म्हणून ‘म’ आणि एम एकच. फाइल देवनागरीत आणायला रूपांतर करणारा प्रोग्राम लागतो आणि त्याला ‘हे मराठी आहे’ असं सांगावं लागतं. ते मग अर्ध्या तासात झालं. जोडाक्षरं मात्र तिने एकेक तपासली, कारण ब्रेलमध्ये जोडाक्षराची खूण, चौथं टिंब, अक्षराच्या आधी येते आणि रूपांतरात तिथेच घोळ होतो.

११:०५

आता दुसरी जोडणी. तिला लॅपटॉपवरचं प्रकरण शेवटचं वाचून बघायचं होतं, बोटांनी.

हॉस्टेलच्या मुलींनी तिला सांगितलं होतं, आवाजावर ऐक ना, काय फरक पडतो. मी तिला विचारलं, तू काय म्हणालीस? ती म्हणाली, “मी म्हटलं, ‘पाणि’ म्हणजे हात आणि ‘पाणी’ म्हणजे पाणी. स्क्रीन रीडर दोन्ही सारखंच म्हणतो. ओवीत कुठलं आहे ते मला कसं कळणार?”

मला ह्यापेक्षा चांगलं उत्तर सुचलं नसतं. ब्रेलमध्ये ऱ्हस्व इ म्हणजे दोन-चार, दीर्घ ई म्हणजे तीन-पाच. बोट चुकत नाही. नुसत्या कानावर शिकलेल्या मुलांचं शुद्धलेखन मी रोज बघतो. हुशार मुलं असतात, पण त्यांनी शब्द कधी पाहिलेलाच नसतो. आमच्यासाठी पाहणं म्हणजे हेच.

तिने यंत्राच्या मेनूत जाऊन अवस्था बदलली. दोन सूर उतरते, दोन सूर चढते. यंत्र निघून गेलं आणि वेगळ्या नावाने परत आलं. टिंबं मात्र सपाट.

ती एनव्हीडीए वापरते. २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन ह्या तरुणाने हा स्क्रीन रीडर लिहायला घेतला. तो स्वतः अंध. हा स्क्रीन रीडर फुकट आहे, आणि त्याच्यामुळे आमच्याकडच्या कितीतरी मुलांना लॅपटॉप घेतल्यावर आणखी हजारो रुपये मोजावे लागले नाहीत. त्यात इन्सर्ट, कंट्रोल आणि ए एकदम दाबलं की ब्रेल डिस्प्लेची यादी उघडते. तिने उघडली. यादीत भलत्याच बनावटीचं यंत्र निवडलेलं. लॅबमधल्या दादांनी मदत करायच्या भावनेने एकामागून एक नावं निवडून पाहिली असणार, आणि शेवटचं तसंच सोडलं. तिने ‘ऑटोमॅटिक’वर आणलं. म्हणजे स्क्रीन रीडर स्वतःच पोर्ट, म्हणजे जोडणीची बंदरं, हुंगत फिरतो आणि ओळखीचं यंत्र दिसलं की पकडतो.

तरीही सपाट.

बाहेर पाऊस जोरात आला होता. तिने वैतागून नोटटेकरची एक कळ दाबली, मग दुसरी, मग तिसरी. आणि मला काहीतरी ऐकू आलं. पावसाच्या आवाजात, टेबलाखालून कुठूनतरी, अगदी दबलेला बाईचा आवाज.

“थांब. पुन्हा दाब.”

तिने दाबलं. पुन्हा तो आवाज.

“तुझा फोन कुठे आहे?”

“पर्समध्ये.”

“पर्स कानाशी घे आणि कळ दाब.”

तिने पर्स उचलली, कळ दाबली, आणि काही क्षण गप्प राहिली. “सर,” ती म्हणाली, “पर्स वाचतेय.”

शनिवारी तिने नोटटेकर ब्लूटूथने फोनला जोडला होता. ते यंत्र एका वेळी एकाचंच ऐकतं. यंत्र जागं झालं रे झालं की खांद्यावरच्या पर्समधला फोन त्याला गाठत होता. लॅपटॉप त्याच्यानंतर यायचा आणि हात हलवत परत जायचा. म्हणूनच ते ‘कधी जोडलं जातं आणि लगेच जातं’. तीन दिवस ती लॅपटॉपवर कळा दाबते आहे असं समजत होती, आणि तिची प्रत्येक कळ पर्समध्ये ऐकली जात होती.

फोनचं ब्लूटूथ बंद केलं. नोटटेकरमधली फोनची नोंद पुसली, फोनमधली नोटटेकरची नोंद पुसली. दोन्हीकडची पुसावी लागते. एकीकडची राहिली तर ती जुन्या ओळखीच्या बळावर पुन्हा दार वाजवते. मग नोटटेकर बंद करून चालू केला.

टिंबं उठली. खुंट्या उठताना बारीक तडतड होते, तव्यावर मोहरी पडल्यासारखी. आम्ही दोघांनी एकदम बोटं टेकवली, तिची डावीकडून, माझी उजवीकडून.

आणि भलतंच काहीतरी होतं. तिरकी रेघ, एक्स, शून्य, नऊ, एक, सी. पुन्हा तिरकी रेघ, एक्स, शून्य, नऊ, तीन, ई.

“हे काय आता?”

हे तिचंच शीर्षक होतं. कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला युनिकोडचा क्रमांक असतो. ‘ज’चा शून्य-नऊ-एक-सी. स्क्रीन रीडरला ब्रेलचा इंग्रजी तक्ता दिलेला होता. त्या तक्त्यात ‘ज’ नाही, म्हणून त्याने प्रामाणिकपणे क्रमांकच छापला. एका अक्षराला सहा-आठ सेल, आणि ओळ सगळी वीसची. दोन-तीन अक्षरांत संपली. लॅबमधल्या दादांनी हेही बदललं होतं. तिने ब्रेलच्या सेटिंगमध्ये जाऊन आउटपुटचा तक्ता मराठी केला.

पुन्हा तडतड. ‘जात्यावरच्या ओव्या’. जोडाक्षरांच्या खुणा आणि मधली मोकळी जागा धरून अठरा सेल. वीसमध्ये बसलं आणि दोन उरले. तिने ती ओळ दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचायची गरज नव्हती.

मग मी तिला सगळं उलटं फिरवायला लावलं. केबल काढ, तक्ता इंग्रजी कर, यादीत चुकीचं नाव निवड, फोन परत जोड. आणि आता माझ्याशी न बोलता दुरुस्त कर. ती म्हणाली, “सर, वेळ नाहीये.” मी म्हटलं, पंधरा मिनिटं आहेत.

ह्या बाबतीत मी हट्टी आहे, आणि लोकांना ते आवडत नाही. आमच्या हातातून यंत्र काढून घेणारी माणसं आयुष्यभर भेटतात. ‘द्या इकडे, मी करून देतो.’ लांबून लॅपटॉपचा ताबा घेतात, पहिलं काम म्हणून बोलणारा आवाज बंद करतात कारण त्यांना त्रास होतो, दहा मिनिटं माऊस फिरवतात आणि ‘झालं’ म्हणून निघून जातात. ज्याचं यंत्र तो मात्र त्या दहा मिनिटांत आंधळा आणि बहिरा असा दोन्ही होऊन बसलेला असतो. काय केलं ते त्याला कळलेलं नसतं. पुढच्या वेळी तो पुन्हा तुमच्याच दारात. ही मदत नव्हे.

तिने अकरा मिनिटांत केलं. एकदा फोन विसरली, पर्स बोलल्यावर आठवलं.

१२:३०

निघता निघता तिने मार्गदर्शक सरांनी दिलेल्या दुरुस्त्यांची फाइल उघडली. टिंबं व्यवस्थित, तक्ता मराठी, आणि तरी सगळा इंग्रजी अक्षरांचा चुरा. ह्या वेळी तिने मला विचारण्याआधीच ओळखलं. “जुना फॉण्ट.”

बरोबर. युनिकोड आलं त्याआधीच्या फॉण्टांत इंग्रजी अक्षरांवर देवनागरीचे आकार चढवलेले असतात. डोळ्यांना मराठी दिसतं, आत मराठी नसतंच. आमच्याकडच्या प्रकाशन आणि कार्यालयांतून अजूनही अशा फाइली येतात, आणि पाठवणारा म्हणतो, ‘माझ्याकडे तर व्यवस्थित दिसतंय.’ दिसतं, हे खरंच आहे. आम्ही ती फाइल कन्व्हर्टरमधून काढली. रफार आणि ऱ्हस्व वेलांट्या बऱ्याच ठिकाणी सरकल्या, पण अर्थ लागला. तिने सरांना निरोप लिहिला की पुढच्या वेळी कृपया युनिकोडमध्ये द्यावं. नम्रपणे लिहिलं. मी असतो तर तितकं नम्र जमलं नसतं.

१:१५

भाकरी, मटकीची उसळ, ठेचा. मग हात तीनदा धुतले. ठेचा आणि सेल ह्यांची गाठ पडू द्यायची नाही.

२:२०

साताऱ्याहून बँकेतल्या मॅडमचा फोन. त्या काउंटरवर बसतात, ४० सेलचा डिस्प्ले वापरतात.

“सर, सकाळपासून टिंबंच उठत नाहीयेत. आवाज चालू आहे.”

“काल कोणी आलं होतं?”

“कॉम्प्युटरचा मुलगा आला होता. म्हणाला, मॅडम, हे बघा, कॉम्प्युटरमध्येच स्क्रीन रीडर असतो, तुम्हाला वेगळा कशाला? त्याने चालू करून दाखवला. ब्रेलपण जोडून दाखवलं. चाललं होतं.”

चाललं असणार. पण एका डिस्प्लेला दोन मालक चालत नाहीत. त्या मुलाने अंगच्या स्क्रीन रीडरसाठी ब्रेलची सोय बसवली, त्या सोयीने यंत्राच्या मूळ ड्रायव्हरच्या जागी स्वतःचा ड्रायव्हर ठेवला, आणि मॅडमच्या नेहमीच्या स्क्रीन रीडरला आता यंत्र सापडत नव्हतं. मी त्यांना डिव्हाइस मॅनेजर उघडायला लावलं. त्या बाणाने एकेक ओळ खाली येत वाचत गेल्या आणि यंत्राचं नाव भलत्याच शीर्षकाखाली सापडलं. उपाय दोन मिनिटांचा: तिथूनच मूळ ड्रायव्हर परत निवडायचा. पण त्याला ॲडमिनचा पासवर्ड लागतो आणि तो मुख्यालयात.

मुख्यालयातल्या साहेबांना फोनवर घेतलं. ते म्हणाले, “आजचा दिवस हेडफोन लावून काम होणार नाही का?”

मॅडमनी फार शांतपणे सांगितलं. समोर ग्राहक उभा आहे. हेडफोन लावला तर त्याचं बोलणं ऐकू येत नाही. स्पीकर लावला तर त्याचा खाते क्रमांक आणि शिल्लक मागच्या रांगेला ऐकू जाते. बोटांवर आकडे आले तरच दोन्ही कान त्या माणसासाठी मोकळे राहतात. साहेब थोडं थांबले, मग म्हणाले, “हे माझ्या लक्षात नव्हतं आलं.” पासवर्ड त्यांनी स्वतः लांबून टाकला. ३ वाजून ५ मिनिटांनी मॅडमच्या बाजूने तडतड ऐकू आली.

२०१८ साली यूएसबीचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने ब्रेल डिस्प्लेसाठी एक सामाईक मानक जाहीर केलं. ते पाळणारं यंत्र कळफलकासारखं लावायचं आणि वापरायचं, वेगळा ड्रायव्हर नको. मॅडमचं यंत्र त्याच्या आधीचं. अशी यंत्रं अजून खूप वर्षं चालणार आहेत, कारण ती महाग असतात आणि कोणी सहज टाकत नाही.

४:४०

गुरुजी आले. ह्यांनीच मला पाटी-स्टायलसवर ब्रेल शिकवलं, उजवीकडून डावीकडे उलटं टोचायचं आणि कागद पालटून सुलटं वाचायचं. आता ८० च्या घरात आहेत. त्यांचा नोटटेकर इतका जुना की त्याला नऊ पिनांचं सिरीयल बंदर आहे.

“अरे, परवापर्यंत चालत होतं.”

“गुरुजी, परवा काय जोडलंत?”

“नातीचे कानातले. ब्लूटूथचे.”

सिरीयल ते यूएसबी ॲडॉप्टर लावला की कॉम्प्युटर त्याला कॉम बंदराचा एक नंबर देतो. ब्लूटूथच्या जोडण्याही असे नंबर अडवून बसतात. गुरुजींनी ॲडॉप्टर ह्या वेळी दुसऱ्या खाचेत लावला आणि त्याला कॉम अकरा मिळाला. त्यांच्या जुन्या प्रोग्रामला चारच्या पुढे मोजता येत नाही. बंदराच्या सेटिंगमध्ये जाऊन अकराचा तीन केला. गुरुजींनी स्वतःच केला. मी नुसता शेजारी बसलो. त्यांना काय सांगणार, आधी ऐकून घ्यायची सवय त्यांच्याचकडून घेतलेली.

“नवीन घ्या की गुरुजी.”

“ह्याच्या कळा माझ्या बोटांना माहीत आहेत,” ते म्हणाले, आणि विषय संपला.

७:१०

परतीची बस भरलेली. पिशव्या दोन, नोटटेकर कोरडा.

९:३५

जेवण झालं होतं. फोन वाजला. मुलगी.

“सर, प्रकरण दिलं. वेळेत दिलं.” मग जरा थांबून, “पण आत्ता हॉस्टेलवर लॅपटॉप उघडला तर टिंबं गेली परत.”

लॅपटॉप झोपला होता. झोपताना तो वीज वाचवायला यूएसबीचं बंदर बंद करतो आणि उठल्यावर कधीकधी त्याला यंत्राची आठवण राहत नाही. हे माझ्या जिभेवर आलं होतं. मी बोललो नाही.

“केबल कुठली आहे?” एवढंच विचारलं.

“तुमचीच. पट्टीवाली.”

“फोन?”

“ह्याच्यावरच तर बोलतेय. ब्लूटूथ बंद आहे, बघितलं.” मग ती स्वतःशी पुटपुटायला लागली. “यादी... ऑटोमॅटिक आहे. तक्ता मराठी आहे. मग हे... थांबा हं सर.”

तिने फोन कुठेतरी ठेवला. पलीकडे पंख्याचा आवाज, एका मुलीचं हसणं. मग उतरते दोन सूर. थोडा वेळ काहीच नाही. मग चढते दोन. मग इतकी बारीक तडतड की मी फोन कानावर घट्ट दाबला.

ती परत आलीच नाही फोनवर. लांबून तिचा आवाज येत राहिला, हळू, बोट सरकेल तसा, प्रकरणाचं शीर्षक वाचणारा, मग पहिलं वाक्य, मग दुसरं. मी ऐकत राहिलो. पाचव्या वाक्यात ती अडली आणि म्हणाली, “अगं बाई, इथे दीर्घ हवा होता.”